फ्लॅट मुलांना, बायकोला काय?

रेवती_ठाणे
परवा इथे एका काकांनी लिहिलं: 'मृत्युपत्रात फ्लॅट दोन्ही मुलांच्या नावे करून मोकळा झालो. हिला मुलं बघतील. मुलांवर दावे लावणं हे चांगल्या घरातलं लक्षण नव्हे.' दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझ्या मावशीच्या यजमानांनी हेच केलं. मावशी आता तीन महिने पुण्यात, तीन महिने नाशकात. औषधांचा डबा कायम पिशवीत, कारण कपाटात कप्पा मिळेल याचा भरवसा नाही. घराचे निम्मे हप्ते तिच्या पगारातून गेले, कागदावर नाव एकट्या यजमानांचं. मृत्युपत्र नसतं तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने तिला मुलांइतका वाटा मिळाला असता. मृत्युपत्र केलं की उरतं काय? दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २२. म्हणजे पोटच्या पोरांकडे महिन्याचे पैसे मागा, आणि पुनर्लग्न केलंत तर तेही बंद.

निवृत्त_वकील
स्वकष्टाची मालमत्ता, कुणाला द्यायची ते मालक ठरवणार. हप्ते भरले असतील तर पुरावा मांडावा.

रेवती_ठाणे
१९८७च्या पगाराच्या पावत्या? तुमच्या आहेत का हो जपलेल्या?

म्हापशेकर
आमच्या गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर अर्धं बायकोचंच. नवऱ्याला ते मृत्युपत्रात घालताच येत नाही.

खडूस_पुणेकर
आणि मग एक माडाची बाग विकायला चौदा सह्या! असो. काका, वहिनींना नॉमिनी केलंय ना? विषय संपला.

निवृत्त_वकील
संपला कुठे? नॉमिनी हा राखणदार, मालक नव्हे. कंपनीच्या शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३मध्ये हेच सांगितलं.

खडूस_पुणेकर
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगा की! बाबा गेले तेव्हा नॉमिनी आई, तरी गृहस्थ म्हणाला सगळ्या बहिणींची हक्कसोड पत्रं आणा. एक बहीण मस्कतला. आठ महिने आईच्या नावाने मेन्टेनन्सचं बिलसुद्धा निघालं नाही.

निवृत्त_वकील
सभासदत्व वेगळं, मालकी वेगळी. सेक्रेटरी चुकला, तुम्हीही चुकताय.

खडूस_पुणेकर
तुमची फी किती हो, फुकट चुका काढायची?

म्हापशेकर
भांडू नका. मूळ काका कुठे गेले?

काका_डोंबिवली
इथेच आहे, वाचतोय. बरं बाई, 'हयातभर राहण्याचा हक्क' अशी ओळ घालतो. झालं समाधान?

रेवती_ठाणे
म्हणजे राहायचं, पण विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही. आजारपणात तुमच्या ओळीचं काय करायचं तिने?

निवृत्त_वकील
तसंच काही नाही. निर्वाहाच्या हक्कापोटी दिलं असेल तर त्याच हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४(१)खाली तिची पूर्ण मालकी होऊ शकते. सुप्रीम कोर्टाचा तुलसम्मा निकाल, १९७७. पण त्यावर वाद घालायला मुलं कोर्टात जाणारच. रेवतीताईंचा एवढा मुद्दा नाइलाजाने मान्य. सरळ वाटा लिहून द्यावा.

काका_डोंबिवली
हिला विचारलं. म्हणाली, आधी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढा, त्यावर माझं नाव घालायचं २००४पासून म्हणताय. सकाळपासून शोधतोय, सापडत नाही.