दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर आपला शिक्का: तपासून मारला तर चालतो का?

बेएरियाकर: कॅलिफोर्नियात माझं लँडस्केप आर्किटेक्टचं (बागा, पायवाटा, मोकळ्या जागा आखणाऱ्याचं) लायसन आहे. ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरने ड्रॉइंगचा तयार सेट पाठवला: 'नजर टाका आणि लायसनचा शिक्का मारा, परमिट अडकलंय.' परमिट लागणाऱ्या कामात नवं लँडस्केप ५०० चौरस फुटांचं किंवा मोठं असेल, तर इथे पाणीबचतीच्या नियमाखाली सहीनिशी प्लॅन द्यावे लागतात. मी नाही म्हटलं. ड्रॉइंग माझ्या ऑफिसात किंवा माझ्या थेट देखरेखीखाली झालेलं नसताना सही करणं हे इथल्या कायद्यात कारवाईचं कारण आहे.

कोथरूडचा आर्किटेक्ट: उगाच सोवळं! तिकडच्या फर्म्सची कितीतरी ड्रॉइंग्ज आमची पोरं पुण्यात बसून काढतात. शिक्केवाल्याने एक रेघ ओढलेली नसते. ते चालतं, आणि बिचारा कॉन्ट्रॅक्टर तेवढा चोर?

बेएरियाकर: रेघ कोण ओढतं याच्याशी मला देणंघेणं नाही. पुण्यातल्या पोराला लेव्हल (कुठे किती उंची) मी देतो, चुकलं तर मीच बदलायला लावतो. या सेटमध्ये सगळं आधीच ठरलेलं. पायवाटेवर 'कमाल उतार ५%' लिहिलंय, पण दोन लेव्हलमधला फरक अंतराने भागला तर ७ येतो. ५ च्या वर गेलं की कायद्याने तो रॅम्प. मग लँडिंग (मधला सपाट टप्पा) आलं, रेलिंग आलं. हे दिसलं म्हणून कळलं. न दिसलेल्याचं काय?

कोथरूडचा आर्किटेक्ट: दिसलं ना? दुरुस्त करा, फी घ्या, मारा शिक्का. तपासायलाही अक्कल लागते.

साइटवाला: आपल्याकडे तर आणखी गोंधळ. १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आहे, पण लँडस्केपवाल्यांसाठी असा वेगळा केंद्रीय कायदा नाही. त्यातही २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कलम ३७ 'आर्किटेक्ट' हे नाव लावण्यापुरतं आहे, काम करायला बंदी नाही. मी पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या स्लॅबवर, बागा करतो. दोन फूट ओली माती म्हणजे चौरस मीटरला टनभर वजन. बिल्डर बागेचं शिक्का मारलेलं शीट नाचवतो, 'सगळं ओके आहे'. अरे, स्लॅबचं काय? स्ट्रक्चरलवाल्याची सही मागितली की साहेब मीटिंगमध्ये.

कोथरूडचा आर्किटेक्ट: हे मान्य. पण तो बिल्डरचा लबाडपणा झाला, तपासून सही करणाऱ्याचा नाही.

बेएरियाकर: तपासायचं तर सर्व्हे मागवा, लेव्हल पुन्हा बसवा, पाण्याचा हिशेब नव्याने करा. तेवढी फी सांगितली तर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, 'एवढ्यात नवा सेट होईल!' म्हटलं, तेच तर सांगतोय. गेला दुसऱ्याकडे.

कोथरूडचा आर्किटेक्ट: आणि त्याने मारलाही असेल.