एकच माणूस दर बैठकीत गुऱ्हाळ लावून बसतो, काय करावं?

उदगीरकर
राम राम मंडळी. उदगीरला माझं डीटीपीचं दुकान आहे. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंचात, आणताना जो तो आपल्या मनानं अक्षरं टाकतो, म्हणून आम्ही चौदा जण एक सामाईक नियमावली करायलोत. दर रविवारी रात्री नऊला ऑनलाइन बसतो.

सगळा घोळ 'दऱ्या'तल्या कोयत्यासारख्या र चा. तो दोन प्रकारे टाकता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग य. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलं की एक सापडतो अन् दुसरा नाही. आम्ही पहिला प्रकार जानेवारीतच पक्का केला. (गुऱ्हाळ लिहायलाही तेच अक्षर लागतंय, बघा!)

एक निवृत्त सर आहेत. व्याकरण पक्कं, मला वडिलांच्या जागी. पण दर रविवारी हेच मढं उकरून काढायलेत. मागच्या खेपेला ५० मिनिटं तेच बोलले. वर म्हणाले, "आचार्याला आणि आचाऱ्याला, फरक तरी कळतो का तुम्हा टायपिंगवाल्यांना?" कॉलेजची दोन पोरं उठून गेली ती परत आली नाहीत. सरांना काढावं तर गावभर होईल, पटलं नाही म्हणून हाकललं. काय करू?

जालन्याचा_जावई
काढा की. चौदातला एक गेला तर तेरा राहतात.

परभणी_नेटवर्क
दादा, एवढं सोपं नाही. इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये हे दुखणं जुनंच आहे. २००४ सालच्या आरएफसी ३९३४ मध्ये (आरएफसी म्हणजे त्यांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) गटाच्या अध्यक्षासाठी पायऱ्या घालून दिल्या होत्या. आधी त्या माणसाशी थेट बोलायचं, मग गटासमोर इशारा. तरी थांबला नाही तर वरच्या संचालकाशी बोलून जास्तीत जास्त ३० दिवस गटाच्या ईमेल यादीवर लिहायला बंदी. वाचायला मात्र बंदी घालता येत नव्हती, चर्चा त्याच्यापर्यंत पोचलीच पाहिजे असा नियम होता. आणि बंदीविरुद्ध त्याला दाद मागता येत होती. तुमच्याकडं पहिली पायरी तरी झाली का?

दुसरं. तिथं मतदानानं निकाल लागत नाही. २०१४ च्या आरएफसी ७२८२ चं सार असं, की प्रत्येक आक्षेप विचारात घेऊन त्याला उत्तर द्यावंच लागतं, तो मान्य करावा लागतो असं नाही. तेरा विरुद्ध एक हे उत्तर होत नाही.

ग्रंथपाल_अंबाजोगाई
मला यात दोन वेगळी माणसं दिसतात. पोरांना टोचून बोलणारे सर आणि आक्षेप घेणारे सर. टोचून बोलले त्याच मिनिटाला तुम्ही थांबवायला हवं होतं भाऊ, तिथं वय बघू नये. आणि आक्षेपाचं लेखी उत्तर कधी दिलं का? आमच्या वाचनालयात एक आजोबा रोज तीच तक्रार करायचे. वहीत लिहून खाली उत्तर दिलं, तेव्हा कुठं थांबले.

उदगीरकर
ताई, इतिवृत्त काढून बघितलं. जानेवारीनंतर सरांनी विषय काढला त्या पाचही वेळा "चर्चा झाली" एवढंच लिहिलंय. लिहिणारा मीच.

उदगीरकर
काल सरांच्या घरी जाऊन आलो. म्हणलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. चहा गार झाला तरी सांगणं चालूच. तीन मुद्दे निघाले. पहिल्या दोन मुद्द्यांना जानेवारीतच उत्तर दिलं होतं, ते वाचून दाखवलं. तिसरा मात्र बरोबर निघाला: दुसऱ्या प्रकारानं आधीच टाइप झालेल्या मजकुराचं काय? नवा नियम पाळणारा माणूस शोधायला बसला की जुन्या फायली त्याला सापडणारच नाहीत. आमच्या नियमावलीत त्यावर एक ओळ नाही. जुनं सगळं पहिल्या प्रकारात बदलून घ्यायचं असं कलम आता घालायलोत.

पोरांचंही काढलं. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, नंबर दे त्यांचे. एका पोरानं फोन उचलला, दुसऱ्यानं नाही.

आणि नवीन पुरावा असेल तरच जुना विषय उघडायचा, हे रविवारी मांडणार आहे. सर विरोध करणार म्हणालेत. लेखी द्या म्हणलं.