३७०झेड (२०११): क्लच पेडल खालीच राहतंय. प्लेट बदलू की आणखी काही?

नेरूळ_झेड३४

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०११ ची निसान ३७०झेड आहे. सहा गिअरची मॅन्युअल, पांढरा रंग, एमएच ४३ पासिंग. मी तिसरा मालक, गेल्या दिवाळीत घेतली. शाळेत असल्यापासून हीच गाडी डोक्यात होती, त्यामुळे विकायचा विषय नाही. मदत हवी आहे ती नीट सांभाळायला.

अडचण अशी. सकाळी गाडी थंड असताना सगळं उत्तम. पामबीचवर किंवा सायन-पनवेल हायवेला तासभर चालवून सिग्नलला थांबलो की क्लच दाबल्यावर पेडल अर्ध्यातच राहतं. बुटाच्या टोकाने वर ओढून तीन-चारदा पंप केलं की पुन्हा चालू. पहिला आणि रिव्हर्स गिअर तेव्हा घासून पडतात. क्लचच्या बाटलीतलं ऑइल कमी होतंय आणि काळंकुट्ट झालंय.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने प्लेट गेली म्हणून सांगितलं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलला फेसिंग (लेथवर पृष्ठभाग सपाट करणं) असा अंदाज दिला आहे. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर आणखी काय करून घ्यावं?

दुसरं, दुपारी अटल सेतूवरून आलो की ऑइल टेम्परेचरची सुई ११० च्या वर असते. ऑइल कूलर लावू का?

तिसरं, या वर्षअखेर आरसीची १५ वर्षं भरतात. इम्पोर्टेड गाडीला काय नियम आहेत, कुणी सांगेल का?

वागळे_लेथ

आधी प्लेटचं. प्लेट झिजली की क्लच स्लिप होतो. पाचव्या गिअरला साठच्या स्पीडवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम एकदम वर गेला आणि गाडीने वेग घेतला नाही तर प्लेट गेली. तुम्ही जे लिहिलंय त्यात स्लिपिंगचा एक शब्दही नाही. पेडल खाली राहणं, गिअर घासून पडणं, बाटलीतलं ऑइल काळं होऊन कमी होणं, ही सगळी हायड्रॉलिकची, म्हणजे पेडलचा दाब ऑइलने क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची लक्षणं आहेत. माझी गाडी २०१० ची आहे. तिचंही हेच झालं होतं, आणि जगभरच्या झेड३४ (३७०झेडचा कंपनी कोड) वाल्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे.

बहुतेक गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब घेऊन क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या बाहेर बोल्टवर असतो. अर्ध्या तासात निघतो, नवा बसतो. ३७०झेडमध्ये तो बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या घराच्या) आत, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या भोवती गोल बसवलेला आहे. बॉडी प्लास्टिकची आणि जागा अशी की क्लचची सगळी उष्णता त्याच्यावर. सील कडक होतं, गरम झालं की दाब धरत नाही, थंड झालं की परत थोडं धरतं. म्हणून सकाळी तुमची गाडी ठणठणीत आणि तासाभराने पेडल खाली. आधीच्या ३५०झेडमध्ये २००६ पर्यंत तो बाहेरच होता. आत नेण्याचा निर्णय मला आजही पटलेला नाही.

खात्री करायला गॅरेज लागत नाही. गाडी रॅम्पवर घ्या. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे बेलहाउसिंगच्या अगदी तळाला पांढऱ्या फडक्याने पुसा आणि फडकं नीट बघा. काळपट, पातळ, बोटाला न चिकटणारं ओल दिसलं तर ते क्लचचं ऑइल. पिवळट-तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर इंजिनचं, म्हणजे मागचं क्रँक सील. फडकं कोरडं निघालं तर पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर दाब तयार करणाऱ्या) मागे, केबिनच्या आतून हात घालून बघा. तिथे ओल असेल तर गिअरबॉक्सला हात लावायची गरजच नाही.

आणि कृपा करून फ्लायव्हीलला फेसिंग मारू देऊ नका. लेथचा धंदा माझा आहे, रोज फ्लायव्हील येतात, तरी सांगतो. कंपनीचं फ्लायव्हील ड्युअल मासचं आहे. दोन तुकडे, मध्ये स्प्रिंगा. ते चकमध्ये धरून फेसिंग मारलं तर पृष्ठभाग चकचकीत दिसेल, पण आतल्या स्प्रिंगांचा खेळ किती वाढलाय ते तसंच राहतं. हाताने दोन्ही बाजूंना फिरवून प्ले बघायचा. मॅन्युअलच्या मर्यादेत असेल आणि निळे डाग नसतील तर साफ करून तेच लावा, नाहीतर नवीन.

गिअरबॉक्स उतरला की हे एकदाच करून घ्या: धातूच्या बॉडीचा स्लेव्ह सिलिंडर, रिलीज बेअरिंग त्याच्याबरोबरच येतं. पायलट बुश (इनपुट शाफ्टचं टोक धरणारा). मागच्या क्रँक सीलची तपासणी. रबरी होजच्या जागी स्टीलच्या जाळीची लाइन. प्लेटची जाडी मोजा, निम्म्याहून जास्त शिल्लक असली तरी मी बदलली असती, कारण लेबर प्लेटपेक्षा महाग पडतं. बाहेरून स्लेव्ह लावायचे किटही मिळतात, पण त्यात रिलीज फोर्कची भूमिती अचूक जमवावी लागते. तसं जमवणारा माणूस हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या डॅशवर मधे तीन डबे आहेत: ऑइल टेम्परेचर, व्होल्टमीटर, घड्याळ. ऑइल प्रेशर कुठेच नाही. या व्हीक्यू३७ इंजिनात पुढच्या टायमिंग कव्हरच्या मागे ऑइल गॅलरीचं, म्हणजे ऑइल वाहणाऱ्या आतल्या वाटेचं गॅस्केट आहे. सुरुवातीच्या गाड्यांत ते कागदी होतं, नंतर निसानने स्वतःच धातूचं केलं. कागदी गॅस्केट दाबाने फाटून बाहेर सरकतं, ऑइल आतल्या आत गळतं, बाहेर एक थेंब दिसत नाही. प्रेशर पडत जातं आणि कॅम टायमिंगच्या बिघाडाचे कोड येईपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही.

म्हणून क्लचवर पैसे घालण्याआधी प्रेशर मोजा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा सेंडर (सेन्सर) काढून मेकॅनिकल गेज लावायचा. आयडलला १४ पीएसआयच्या खाली नको, दोन हजार आरपीएमला ४३ च्या खाली नको. एक काळजी घ्या. सेंडरचे आटे १/८ बीएसपीटी (ब्रिटिश पाइप मापाचे) आहेत, इंचाला २८. बाजारात गेजबरोबर जे फिटिंग येतं ते बहुधा एनपीटी (अमेरिकन पाइप मापाचं) असतं, इंचाला २७. सुरुवातीचे दोन आटे छान जातात आणि मग पाना लावून ओढलं की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. ॲडॅप्टर नसेल मिळत तर वागळे इस्टेटला या, माझ्याकडे पितळेचा करून ठेवलाय.

प्रेशर कमी निघालं तर क्लच थांबवा आणि पुढचं कव्हर आधी उघडा. वॉटर पंपही त्याच कव्हरच्या आत, टायमिंग चेनवर चालतो. एकदा उघडल्यावर तोही बदलायचा. हे काम मोठं आहे, पण ते टाळून नवा क्लच बसवलात तर बेअरिंग गेलेल्या इंजिनाला नवा क्लच जोडलेला असेल.

कोपरी_सेडिया

आरसीचं मी सांगते. माझी मित्सुबिशी सेडिया २००८ ची, तिरुवल्लूरला जोडलेली, म्हणजे कागदोपत्री भारतीय. २०२३ मध्ये ठाणे आरटीओत नूतनीकरण केलं. एप्रिल २०२२ पासून भारतीय कारला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे. तुमची पूर्ण बनून आलेली इम्पोर्टेड, तिला ४०,०००. २० वर्षांनंतरचे आकडे ऑगस्ट २०२५ मध्ये दुप्पट झालेत, भारतीय कारला १०,००० आणि इम्पोर्टेडला ८०,०००. पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

फॉर्म २५ मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत भरायचा. उशीर झाला तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. गाडी वाशीला प्रत्यक्ष दाखवावी लागेल. त्याआधी पीयूसी, विमा, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट एवढं तयार ठेवा आणि चेसिस नंबरची जागा स्वच्छ करून ठेवा. माझ्या वेळी साहेबांना तो वाचता येत नव्हता, डिझेल आणि जुना ब्रश घेऊन तिथेच घासत बसले होते.

सायलेन्सर बदललेला असेल तर कंपनीचा परत बसवून जा. काचेवर काळी फिल्म असेल तर काढा. आणि दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत ते ऐकून घाबरू नका, तो नियम राजधानी परिसराचा आहे. आपल्याकडे गाडी पास झाली तर चालते.

खारघर_टर्बो

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. क्लच, कदाचित टायमिंग कव्हर, ४०,००० ची फी, शिवाय टायर. एवढ्यात नव्या टर्बो हॅचबॅकचं डाउन पेमेंट होतं, वॉरंटीसकट. दोन सीटची गाडी आपल्या रस्त्यांवर कुठे पळवणार?

नेरूळ_झेड३४

वागळे दादा, तुम्ही सांगितलं तसं फडकं लावून बघितलं. काळपट पातळ ओल आहे, मास्टरच्या मागे कोरडं आहे. पाचव्या गिअरला स्लिपिंग अजिबात नाही. ॲडॅप्टरसाठी शनिवारी येतो.

ताई, फॉर्मच्या तारखा लिहून ठेवल्या, खूप आभार.

पार्ट कुठून मागवू? शोरूममध्ये विचारलं तर चेसिस नंबर लिहून घेतला, त्यानंतर काही कळवलं नाही. आणि तुम्ही तेलाच्या सुईचं काही बोलला नाहीत.

वागळे_लेथ

शनिवारी दुपारी तीननंतर या, सकाळी जॉब असतात. येताना इंजिन गरम होऊ द्या, तिथेच प्रेशर बघू.

आधी खारघरकरांना. तुमचा हिशोब चूक नाही, पण प्रश्न वेगळा आहे. ३.७ लिटरचा, टर्बो नसलेला व्ही६, मागच्या चाकांवर ताकद, हाताने टाकायचे गिअर, आणि खाली गिअर टाकताना इंजिनच स्वतः आरपीएम जुळवून देतं. ३७०झेड आली तेव्हा असं करणारी मॅन्युअल दुसरी कुठली नव्हती. पहाटे कसारा घाटात तिसऱ्या गिअरला सहा हजारांच्या वर तो जो आवाज येतो, त्यासाठी मी आठवडाभर लोखंडाचा कीस खातो. वॉरंटीवाली हॅचबॅक घरी आहे, बायको वापरते, चांगली गाडी आहे. ती बंद पडली तर मी दुसरी घेईन. ही बंद पडली तर मी दुरुस्त करीन.

आता पार्ट. नाव सांगून पार्ट मागू नका, पार्ट नंबर सांगा. चेसिस नंबरवरून तो ऑनलाइन कॅटलॉगमध्ये निघतो. इंजिन आणि गिअरबॉक्सचे बरेच पार्ट इन्फिनिटी जी३७ ला आणि जपानच्या व्ही३६ स्कायलाइनला तेच आहेत, त्या नंबरांनी शोधलं की पर्याय वाढतात. आखातात ३७०झेड भरपूर विकली गेली, त्यामुळे गॅस्केट, पंप, सेन्सर, स्लेव्ह सिलिंडर दुबईहून सहज येतात. पण तिकडच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. क्लच मास्टर, त्याची लाइन, स्टिअरिंग रॅक, वायपरचे पार्ट हे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा जपानहूनच घ्या. मागवताना कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरूनच भाव बघा, नाहीतर कुरियरवाला दारात आल्यावर आकडा कळतो.

ऑइलची सुई. ११० म्हणजे काळजी नाही. या इंजिनात ऑइल जेमतेम पाच लिटर आणि सुरुवातीच्या गाड्यांत कूलर नाही, त्यामुळे ते गरम चालतं. १३८ च्या आसपास गेलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच आरपीएम कापतो. सेतूवर शंभरची मर्यादा पाळून ११० येत असेल तर कूलर लावू नका. प्रत्येक जास्तीचा होज आणि जोड म्हणजे गळायची एक नवी जागा. पुढचा बंपर उतरवून एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली जागा धुऊन घ्या. माझ्या गाडीत तिथे पिंपळाची पानं, धूळ आणि माशांचा नमद्यासारखा थर निघाला होता. ट्रॅकवर नेणार असाल तेव्हा थर्मोस्टॅटवाला कूलर लावू.

ऑइल ५डब्ल्यू-३० चांगल्या दर्जाचं, किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं. या गाडीच्या पुस्तकात इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे आणि पंपावर आता २० टक्के मिळतं, म्हणून टाकी भरून महिनोन् महिने उभी ठेवू नका. टाकी वापरून संपवा आणि इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसला दाबून, वाकवून बघा.

नेरूळला खाडी जवळ, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी खालून धुऊन घ्या. बॉनेट, दारं आणि मागचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे, ते गंजणार नाही. गंज लागतो तो सबफ्रेमच्या बोल्टना आणि ब्रेक पाइपच्या क्लिपांना. वायपरखालच्या काउलमधली पानं काढा, तिथलं पाणी तुंबलं की आत उतरतं. दोन्ही एअर फिल्टर नाकाजवळ खाली आहेत, तुंबलेल्या रस्त्यात ही गाडी घालायचीच नाही. जुलैत मी बसने कामावर येतो.

एक राहिलं. सुरुवातीच्या गाड्यांत स्टिअरिंग लॉकचं इलेक्ट्रॉनिक युनिट मरतं आणि बटण दाबून गाडी चालूच होत नाही. बॅटरी चांगली असून असं कधी एकदा जरी झालं असेल तर शनिवारी सांगा. लॉक उघडं असताना त्याचा फ्यूज काढून ठेवता येतो, पण तुमच्या गाडीत कुठलं युनिट आहे ते आधी बघावं लागेल.

आणि मागच्या टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. तिचा फोटो काढून आणा. २७५/३५ आर१९ हा माप दुकानात सहसा पडून नसतो, मागवायचाच असेल तर क्लचच्या पार्टबरोबरच सांगून ठेवू.