९ वर्षांच्या मुलासाठी आफ्रिकेतल्या प्राण्यांची साहसकथा हवी आहे (बजेट ६००)

रानजाई:
मंडळी, लेक चौथीत आहे, २२ तारखेला नऊ पूर्ण होतील. घरात दोन महिने फक्त आफ्रिका चालू आहे. परवा आजीला विचारत होता, "पाणघोडा घोडा नाही, तर मग कोणाचा कोण?" आजी म्हणाल्या, "तुझ्या आजोबांचा चुलतभाऊ."
मला गोष्टीचं पुस्तक हवंय. माहितीकोश दोन आहेत, चित्रं बघून झाली की कपाटात. साहस हवं, पण वाचताना कुठला देश, कुठली नदी, तिथे कुठला प्राणी हेही कळलं पाहिजे. मराठी असेल तर सोन्याहून पिवळं. इंग्रजी असेल तर मी रात्री मराठीत सांगत वाचेन. बजेट ६००. खरंच ६००.

निशाचर:
विलर्ड प्राइस. विषय संपला. हॅल आणि रॉजर ही दोन भावंडं वडिलांच्या धंद्यासाठी प्राणी पकडत जगभर फिरतात. १४ पुस्तकं आहेत, त्यातली पाच आफ्रिकेतली. हत्तीवालं युगांडा-काँगो सीमेवरच्या रुवेंझोरी डोंगरांत घडतं, त्यालाच चंद्रपर्वत म्हणतात. गोरिलावालं विरुंगाच्या ज्वालामुखींच्या भागात. माझ्याकडे १४ च्या १४ आहेत, सगळी फूटपाथवरून घेतलेली. देणार नाही, आधीच सांगतो.

चकोल्या:
आम्ही मुलीला मोठा प्राणीकोश घेतला, २२०० रुपये, कागद काय सुंदर आहे! एकदाच घ्या, चांगलं घ्या.

रानजाई:
चकोल्या, ६०० आणि कोश नको, दोन्ही लिहिलंय हो वर :)

तिरकस_तात्या:
विलर्ड प्राइस मीही वाचलाय. पकडा, पिंजऱ्यात घाला, प्राणिसंग्रहालयाला विका, हा त्या काळचा मामला. आणि स्थानिक माणसं एक तर भोळी नाही तर क्रूर. आजच्या पोराच्या हातात द्यायचं का ते?

निशाचर:
तात्या, मी वाचून वाया गेलो का?

तिरकस_तात्या:
उत्तर राखून ठेवतो.

कोकणी_मेवा:
माझा अनुभव ऐका. ऑनलाइन 'आफ्रिकेच्या जंगलात' छापाचं एक जाडजूड पुस्तक मागवलं. मुखपृष्ठावर झेप घेणारा पट्टेरी वाघ! आफ्रिकेत रानटी वाघ नाहीत हे माझ्या पाच वर्षांच्या भाचीने सांगितलं. आत बिबट्याच्या फोटोखाली 'चित्ता'. परत पाठवलं तर पैसे यायला दीड महिना. तेव्हा दुकानात जाऊन, उघडून बघूनच घ्या.

भूगोल_मास्तर:
चित्ता-बिबट्या ओळखायची खूण मुलाला आत्ताच सांगून ठेवा. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, काजळ ओघळल्यासारखी. ठिपके भरीव. बिबट्याला ती रेघ नाही, आणि ठिपके पाकळ्यांसारखे, मधे पोकळ. आपल्याकडे उसात सापडतो तो बिबट्या. चित्ता भारतातून संपला होता, २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणले, मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात.

तिरकस_तात्या:
कुनोचा विषय काढू नका, धागा १०० च्या पुढे जाईल.

घारूअण्णा:
काढलाच आहे तर सांगतो, गवताळ रानं राखायची सोडून हे असले

(संपादित. अवांतरासाठी वेगळा धागा काढावा. - व्यवस्थापन)

नैरोबीकर:
आम्ही इथे अकरा वर्षं आहोत. पुस्तकं कसली वाचताय, मुलाला घेऊन या! ऑगस्टमध्ये मारा नदीवर दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्टमधले (हरणांच्या कुळातले, कळपाने फिरणारे) काही हजार तरी डोळ्यांसमोर उड्या टाकतात आणि खाली मगरी टपलेल्या. आमच्या धाकटीने तिसरीतच पाहिलं. नैरोबी शहराला लागूनच अभयारण्य आहे, सिंहामागे उंच इमारती दिसतात.

रानजाई:
ताई, ६०० रुपयांत साताऱ्याहून पुण्यापर्यंत येईन फार तर.

नैरोबीकर:
बरं बाई. मग निदान स्वाहिली शब्द शिकवा, फुकट आहेत. सिम्बा म्हणजे सिंह, ट्विगा जिराफ, किबोको पाणघोडा, दूमा चित्ता. सफारी म्हणजे नुसता प्रवास, मी भाजीला गेले तरी सफारीच. आणि चहाला इथेही चायच म्हणतात.

वसईवाला:
गोष्टीत बाओबाब आला तर मुलाला वसई किल्ल्यावर आणा. आपण त्याला गोरखचिंच म्हणतो, झाड मूळचं आफ्रिकेतलं. आमच्या चौघांच्या हातांत बुंधा मावला नाही.

अक्षरवेडी:
कुणीच कसं सांगितलं नाही? बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांचं 'चांदेर पहाड', १९३७ चं. बंगालच्या खेड्यातला शंकर युगांडा रेल्वेत नोकरीला लागतो, एकट्या स्टेशनावर सिंह, रात्री ब्लॅक मांबा हा विषारी साप, मग हिऱ्यांच्या शोधात एका पोर्तुगीज म्हाताऱ्याबरोबर पार दक्षिणेला, शेवटी कलहारीच्या वाळवंटात वाट चुकतो. लेखक आफ्रिकेत कधी गेलेच नव्हते! मला मराठीत मिळालं नाही, इंग्रजी भाषांतर आहे.

भूगोल_मास्तर:
तेच तर. भूगोल शिकवायला हे पुस्तक नको. रिख्टर्सवेल्डच्या डोंगरात त्यांनी घनदाट जंगल दाखवलंय. प्रत्यक्षात तो दक्षिण आफ्रिका-नामिबिया सीमेवरचा कोरडा, खडकाळ भाग. आणि त्यात येणारा बुनिप राक्षस ऑस्ट्रेलियातल्या दंतकथांतला. नऊ वर्षांच्या डोक्यात एकदा चुकीचं बसलं की निघत नाही.

अक्षरवेडी:
रेल्वे तरी खरी आहे ना मास्तर? केनियातल्या मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत, १९०१ मध्ये पोचली. बांधायला तीसेक हजार मजूर आपल्याकडून गेले होते.

निशाचर:
आणि १८९८ मध्ये त्याच रेल्वेच्या वाटेवरच्या त्सावोत दोन सिंहांनी १३५ माणसं खाल्ली. दोघांनाही आयाळ नव्हती.

तिरकस_तात्या:
१३५ हा त्या सिंहांना मारणाऱ्या साहेबाचा आकडा. सिंह शिकागोच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेत, त्यांची हाडं-केस तपासून ३५ च्या आसपास निघाले.

निशाचर:
३५ कमी आहेत का?

मी_पण_आई:
वरचं सगळं वाचलं नाही, पण विलर्ड प्राइस म्हणून एक लेखक आहे, तो बघा.

चकोल्या:
+१. आणि कोशावर आता सूट आहे, १९५० ला मिळतोय.

भूगोल_मास्तर:
रानजाई, माझं ऐका. पुस्तक कुठलंही घ्या, पण आफ्रिकेचा भिंतीवरचा नकाशा आधी घ्या, राजकीय नको, प्राकृतिक. शंभर-दीडशेत येतो. गोष्ट पुढे जाईल तसा लोकरीचा धागा टाचणीने लावत जायचा. नदी दिसली की विचारायचं, ही समुद्राला कुठे मिळते? ओकावांगोला पोरं हमखास फसतात. ती समुद्राला मिळतच नाही, बोत्स्वानात वाळवंटाच्या तोंडाशी पसरून जिरते. पाऊस पडतो वर अंगोलात, आपल्या उन्हाळ्याच्या आधी, आणि ते पाणी खाली पोचतं जून-जुलैत, जेव्हा तिथे पावसाचा टिपूसही नसतो. म्हणून ऐन कोरड्या दिवसांत हत्ती पाण्यात उभे. माझ्या वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही वर बघतात.
आणि पाणघोड्याचे जवळचे नातलग देवमासे. आजींना सांगा.

रानजाई:
आजी म्हणाल्या, आजोबा पोहायचे छान, तेव्हा जमतंय.

---

रानजाई (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे आभार. मास्तर रागावतील, पण 'चांदेर पहाड'च घेतलं. इंग्रजी, सवलतीत २८०. नकाशा १४०. उरलेल्या पैशांत लोकर आणि टाचण्या, आणि केकवरच्या मेणबत्त्या.
रोज चार पानं होतात. मोंबासापासून लाल धागा निघाला. मांबाच्या रात्री पठ्ठ्याने पाय पलंगावर वर घेतले ते सकाळपर्यंत खाली ठेवले नाहीत. रिख्टर्सवेल्डला आलो तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिले. टाचणी लावता लावता थांबला. "आई, इथे नकाशात तर सगळं तपकिरी आहे. जंगल कुठून आलं?" म्हटलं, लेखक तिथे गेलेच नव्हते. पाच मिनिटं गप्प. मग म्हणाला, "न जाता पण पुस्तक लिहिता येतं?"
आता स्वतःच लिहितोय. दोन पानं झालीत. नायकाचं नाव आजोबांचं आहे आणि ते पाणघोड्यावर बसून ओकावांगोतून निघालेत.

भूगोल_मास्तर:
रागावलो नाही. पण पाणघोड्यावर बसायचं नाही म्हणावं त्याला. माणसं मारतो तो.

रानजाई:
सांगितलं. म्हणतो, हा चुलतभाऊ आहे.