वय 21 केलं की बालविवाह 'आपोआप' थांबणार म्हणे!

खडू_फळा
काल इथं एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "मुलीच्या लग्नाचं वय 21 करा, बालविवाह आपोआप बंद होतील." त्या 'आपोआप'नं रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हा प्रपंच.

18 ची अट 1978 पासून आहे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. अठराच पाळत नाहीत, एकवीस कोण पाळणार?

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत अकरा वर्षं काढली. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला, कारखान्यावर. लहानी पोरं हंगामी वसतिगृहात, म्हणजे बऱ्याचदा आजीपाशी, जेवण तेवढं शाळेचं. आठवीनंतर तेही नाही. मग पोरगी ठेवायची कुठं? उसाच्या फडात नेली तर कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, दार नाही, गावात ठेवली तर म्हातारीला दिसत नाही. बाप म्हणतो, उजवून टाकू. सासरच्यांनाही घाई, कारण उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मिळते जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता.

वसतिगृह मुलींसाठी बारावीपर्यंत करा. आजीच्या भरवशावरचं नको, दाराला आतून कडी असलेलं. वयाचं नंतर बघू.

तर्कट
ते सद्गृहस्थ मीच. 1929 च्या शारदा कायद्यात मुलीचं वय 14 ठेवलं तेव्हाही असंच म्हणत होते, कोण पाळणार. माझ्या पणजीचं लग्न नवव्या वर्षी, आजीचं तेराव्या, आईचं एकोणिसाव्या. कायदा पुढं चालतो, समाज मागून येतो. वय 21 करायचं 2021 चं विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं, त्याचं कुणाला काही नाही. मुलगा 21 आणि मुलगी 18, यात तर्क काय?
आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहेच की. गुरुजींना ठाऊक नाही?

खडू_फळा
ठाऊक आहे. तालुक्याला मुलींचं एक, शंभर जणींचं. आमच्या चार वाड्यांतच तेवढ्या निघतील. आणि मी गुरुजी नाही, बाई आहे.
तुमच्या आईचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं ते कायद्यानं, की आजोबांना पगार होता म्हणून?

तर्कट
घरच्यांवर जायचं कारण नव्हतं.

खडू_फळा
पणजीपासून सुरुवात तुम्हीच केलीत.

दप्तरी_दाखल
ग्रामसेवक आहे. गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही मीच. एकदा 1098 वरून, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनवरून, निरोप आला, पोलीस घेऊन गेलो, मांडव रिकामा. वऱ्हाड पलीकडच्या गावात अक्षता टाकून मोकळं. पुढं सहा महिने मला कुणी चहा विचारला नाही. ज्याच्याकडं घरपट्टी मागायची त्याचंच लग्न मोडायचं. 21 करा, निम्म्या गावाची लग्नं मोडतो, मग माझी बदली तेवढी बघा.
बरं, वय ठरवायचं शाळेच्या दाखल्यावरून. दाखल्यावर सगळं गाव 1 जूनला जन्मलेलं.

एक_जून
आमचा विषय निघाला! वडील, चुलते, तिन्ही आत्या, सगळे 1 जून. गुरुजींनी ओळीत उभं केलं. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की सहा वर्षं पूर्ण.

निवृत्त_पण_व्यस्त
हसू नका. माझा धाकटा भाऊ माझ्याआधी दीड वर्ष रिटायर झाला. हात लांब होते त्याचे. दुरुस्तीसाठी अर्ज केला तर कार्यालयानं विचारलं, दोघांतला थोरला कोण याचा पुरावा काय! आई हयात होती, तिचा जबाब कुणी घेतला नाही.

तर्कट
म्हणजे मूळ घोळ शिक्षकांचाच.

खडू_फळा
शंभर पोरांचा पट, जन्माची नोंद एकाचीही नाही. गुरुजींनी पत्रिका मांडायची होती का? 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना प्रवेशाला जन्मदाखलाच लागणार. त्यातली पहिली मुलगी अठराची होईल 2041 ला. तोवर थांबा मग.

एक_जून
मामाचीही 1 जूनच निघाली, आत्ताच फोन करून विचारलं.

कोपीतली
कधी लिहीत नाही, आज लिहिते. माझं लग्न सतराव्या वर्षी लागलं, दाखल्यावर एकोणीस होते. बाई, वसतिगृहात राहिलेय मी, कडी होती, पण संध्याकाळी अधीक्षक बाई नसायच्या. बारावीपर्यंत करा, पण रात्रीचं माणूस ठेवा.
तर्कटदादा, लग्न रद्द करून मागायला अठरानंतर दोन वर्षं मिळतात. म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. तेव्हा माझ्या कडेवर एक होतं, पोटात दुसरं. कोर्टात कोण नेणार होतं, सासरे? वाढवायचंच तर ते वाढवा.

तर्कट
ही दोन वर्षांची मुदत माझ्या ध्यानात नव्हती.
ठीक. वसतिगृह आधी, मुदत वाढवणं त्याच्याबरोबर. 21 चा मुद्दा मी सोडलेला नाही, बाजूला ठेवलाय. बाईंनी विजयोत्सव करू नये.

खडू_फळा
उत्सव कसला. कारखान्यांकडून ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागं 10 रुपये घेतात, त्यातून रात्रीच्या बाईचा पगार निघतो का, हे कुणी सांगेल?

निवृत्त_पण_व्यस्त
महामंडळाचं माहीत नाही. पण माझ्या दीड वर्षाच्या फरकाचं कुठं विचारायचं?