मदत हवी आहे: १००-४०० मिमीची हलकी झूम लेन्स, लांबचे फोटो मऊ (धूसर) येतायत. ठेवू की विकू?

सुरूबन

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी हर्णैजवळ राहतो. कामधंद्यातून उरलेला वेळ पक्ष्यांमागे जातो. कॅमेरा कॅनन आर १०. दिवाळीत आरएफ १००-४०० एफ/५.६-८ घेतली. त्याआधी मित्राची १००-४०० एल (कॅननची वरच्या दर्जाची), दुसरी आवृत्ती, अ‍ॅडॉप्टर लावून दोन महिने वापरली होती. फोटो झकास यायचे, पण ती दीड किलोच्या वर. बंदरावर तासभर धरली की रात्रभर खांदा ठणकायचा. ही ६३५ ग्रॅम. स्कूटरच्या डिकीत टॉवेलात गुंडाळून राहते, मासळी आणायला गेलो तरी सोबत असते. संध्याकाळी लिलावाला होड्या लागतात तेव्हा वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात. त्यांच्या डोळ्यावर फोकस असा पटकन बसतो की मला फारसं काही करावंच लागत नाही. जवळचं तर विचारूच नका. ओल्या वाळूवरचा खेकडा ४०० ला, जेमतेम मीटरभरावरून टिपला, त्याच्या डोळ्यांच्या दांड्यांवर चिकटलेले वाळूचे कण मोजता येतात.

आता दुखणं. लांबचं काही टिपलं की चित्र मऊ. गेल्या रविवारी साडेदहाच्या सुमाराला किनाऱ्यावर कुरवांचा थवा बसला होता, ७०-८० पावलांवर. वाळूवर पालथा पडून दोनशे फोटो काढले. छिद्र एफ/८, शटर १/१००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. एकही धड नाही! पिसं कापूस पिंजल्यासारखी. हात हलला म्हणावं तर १/१००० ला कसा हलेल, तोही स्टॅबिलायझर चालू असताना?

दुसरं, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं सोडताना गेलो होतो. सूर्य उगवायच्या आत आयएसओ १२८०० वर गेला आणि पिल्लापेक्षा दाणेच जास्त दिसले.

तिसरी भीती पावसाची. माझी जुनी ५५-२५० कपाटात एक पावसाळा राहिली आणि आतल्या काचेवर कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे आले. हिचंही तेच होणार असेल तर मेअखेर विकलेली बरी.

दुकानदार म्हणतो लेन्स ठीक आहे. त्याचं मत किती धरायचं ते तुम्हीच सांगा.

पाणबुड्या

विकाच. मला विका. पत्ता व्यक्तिगत निरोपात धाडतो.

चष्मेबहाद्दर

सुरूबन, खेकडा खणखणीत आला ना? मग लेन्स बिघडलेली नाही. बिघडलेली लेन्स खेकड्याला वेगळा न्याय आणि कुरवाला वेगळा असं करत नाही.

साडेदहा वाजता वाळू तापते. तिच्यालगतची हवा गरम, वरची त्यामानाने थंड. गरम हवेतून प्रकाश वेगळा वाकतो, आणि हे थर सतत हलत असतात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो, तोच प्रकार. मीटरभरावर काही जाणवत नाही, ७० पावलांवर सगळं चित्र पोहायला लागतं. त्यात तुम्ही पालथे पडलात. पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवर जा, हा सल्ला बरोबरच, पण तापलेल्या वाळूवर तोच अंगाशी येतो. अख्खी दृष्टिरेषा त्या गरम थरातून जाते. भर उन्हात उभ्याने काढाल तर थोडं बरं येईल. खरा उपाय म्हणजे आठच्या आत जा नाहीतर अंतर कमी करा. दोन लाखांची लेन्स आणलीत तरी हवा तीच राहणार.

खात्री करायची असेल तर कॅमेऱ्यात चित्र मोठं करून दूरच्या होडीचा पाण्यालगतचा काठ बघा. थरथरत असेल तर फोटो काढू नका, घरी जाऊन आंबोळी खा.

आणि हो, पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे संरक्षक काच, लावलाय का?

सुरूबन

लावलाय की. ६७ मिमीचा, लेन्सबरोबर दुकानदाराने फुकट दिला. खारी हवा, म्हणून पहिल्या दिवसापासून काढलेला नाही.

चष्मेबहाद्दर

मिळाला दुसरा आरोपी. साधी काच १०० ला खपून जाते, ४०० ला तिची लहानशी खोटही मोठी होऊन दिसते. काढा आणि मग बोला.

खाडीकाठ

मी हीच लेन्स दोन वर्षं आर ७ वर वापरतेय, तारकर्लीपासून वेळासपर्यंत हिंडवलीय. चष्मेबहाद्दरदादांनी उन्हाचं सांगितलं, मी अंधाराचं सांगते.

४०० ला एफ/८ म्हणजे एफ/५.६ च्या निम्माच प्रकाश. ६३५ ग्रॅमची किंमत ही अशी चुकवावी लागते. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, चालणारं पिल्लू नाही. कासवांना ही लेन्स घेऊन मी जातच नाही. ५० एमएम एफ/१.८ नेते आणि दोरीबाहेरून जेवढं दिसेल तेवढं घेते. फ्लॅश तर मारायचाच नाही, पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. चित्र खणखणीत यावं म्हणून छिद्र आणखी बारीक, एफ/११, करायचा मोहही नको. एवढ्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर उलट आणखी मऊ येतं.

एक मात्र मान्य करावं लागेल. जुन्या डीएसएलआरवर एफ/८ ला बहुतेक बॉडींचा ऑटोफोकसच हात टेकायचा. मिररलेस (आत आरसा नसलेले कॅमेरे) आलं म्हणून असल्या लेन्स जमल्या, नाहीतर आपण सगळे अजून ट्रायपॉड वाहत असतो.

खारा वारा हा हिचा खरा शत्रू. धूळ-पाण्यापासून बचावाचं सील नाही, आणि झूम करताना नळी पुढे येते तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. मी घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवते, मग किंचित ओल्या फडक्याने नळी पुसते, मगच झूम आत घेते. वाळू तशीच ठेवून नळी फिरवली तर कर्रर्र आवाज येतो. तो एकदा ऐकला की माणूस आयुष्यभर पुसतो. हूड (लेन्सच्या तोंडाला लावायचं नळकांडं) वेगळं विकत घ्यावं लागतं, पण घ्या. पुढच्या काचेला फिल्टरपेक्षा त्याचाच आधार जास्त.

बुरशीसाठी हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवा. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. चामड्याच्या किंवा कापडी केसमध्ये घालून डब्यात ठेवू नका, ओल केसच धरून ठेवते. तुमची ५५-२५० कपाटात केससकट होती ना?

सुरूबन

हो. केससकट, आणि वर गोधडी. आता हसू येतंय.

आज परीक्षा घेतली. जेटीवरून नांगरलेल्या एका होडीच्या नंबराचे फोटो, तेच अंतर, तेच सेटिंग. सकाळी सातला फिल्टर लावून: आकड्यांना दुहेरी कडा. सातलाच फिल्टर काढून: पोपडे सुटलेला रंग, त्याखालचा जुना हिरवा थर, सगळं लख्ख. साडेदहाला फिल्टर न लावता: पुन्हा लापशी. म्हणजे दोघेही गुन्हेगार, आणि मी पाच महिने लेन्सला बोल लावत होतो.

परतताना कुरव वीसेक पावलांवर बसू देत होते. मार्च उजाडल्यामुळे एकाचं डोकं अर्धं तपकिरी झालेलं. फिकट डोळा आणि त्याभोवतीची लाल कड इतकी स्वच्छ आलीय की चौकट करून लावणार आहे. पाणबुड्या, सॉरी, विकत नाही.

आता एकच अडकलंय. घरातला चकलीचा मोठा डबा ढापला, जेलच्या चार पुड्या टाकल्या, तरी काटा ६२ वरून हलत नाही. पुड्या वाढवू का?

खाडीकाठ

पुड्या जुन्या असतील, त्यांनी आधीच ओल पिऊन घेतलीय. रंग बदलणारे सुटे दाणे आणा, रंग पालटला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. कढई मात्र स्वयंपाकाची नको. आणि डब्याच्या झाकणाला रबर आहे का ते बघा. चकलीच्या डब्याला सहसा नसतं.

सुरूबन

नाहीये. डबा परत केला.