मदत हवी आहे: दोन कुत्रे, कॅम्पर व्हॅन आणि वाटेवरची नातेवाइकांची घरं

मे महिन्यात पुण्याहून कोल्हापूर, आंबा घाट उतरून लांजा, मग कुडाळ आणि शेवटी फोंडा असा बेत आहे. कुडाळला माझ्या आत्याची पंचाहत्तरी आहे, त्यामुळे तारीख हलवता येत नाही आणि ऊनही टळत नाही. वाटेत प्रत्येक ठिकाणी नात्यातलं घर आहे. सोबत आमचे दोन कुत्रे. एक म्हातारी लॅब्राडॉर, तिला संधिवात आहे आणि रोज दोन वेळा गोळ्या लागतात. दुसरा गावठी, रस्त्यावरून आणलेला. कधी कुणाला चावलेला नाही, पण अनोळखी माणूस एकदम अंगाशी आला की गुरगुरतो. बोर्डिंगमध्ये तो अन्नाला तोंड लावत नाही, म्हणून दोघांना मागे ठेवण्याचा विचार सोडून दिला आहे.

प्रवासाची तयारी जमेल असं वाटतं. व्हॅनमध्ये झोपायला दोन बर्थ आहेत, छताला पंखा आहे. पहाटे निघायचं, अकराच्या आत मुक्कामी पोचायचं. घाटाआधी तीन-चार तास दोघांना खायला द्यायचं नाही, पाणी मात्र थोडं थोडं. बंद गाडीत त्यांना एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढतं. रेबीज आणि लेप्टोच्या लसी झाल्या आहेत, कार्ड सोबत घेणार आहे.

मला मदत हवी आहे ती माणसांच्या बाबतीत.

आम्ही रात्री व्हॅनमध्येच झोपावं असं मला मनापासून वाटतं. कुत्रे शांत राहतील आणि कुणाला त्रास होणार नाही. पण आमच्याकडे पाहुण्याने घरात न झोपणं म्हणजे घरच्यांचा अपमान. कोल्हापूरच्या मामांना फोनवर नुसतं सुचवलं, तर म्हणाले, "घरात चार खोल्या रिकाम्या असताना भाची दारात गाडीत झोपली, हे गल्लीत कळलं तर मी काय सांगू?" त्यांच्या आवाजातलं दुखावलेपण मला अजून बोचतं आहे. मामी मात्र कुत्र्यांना घाबरतात, लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता. त्या तोंडाने नको म्हणणार नाहीत आणि आम्ही असेपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेरही येणार नाहीत.

लांज्याला चुलतदीर आणि जाऊबाई. त्या प्रेमाने म्हणाल्या, "कुत्र्यांची काय काळजी करतेस, गोठ्याशेजारी बांधू की." तिथे मला ठाम नकार द्यायचा आहे. घरामागे काजूची बाग, त्यापलीकडे रान. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला सोपी शिकार, त्याला पळताही येत नाही. शिवाय गोठ्यात गोचीड असतात, आणि गोचीडतापातून आमची लॅब मागे एकदा कशीबशी वाचली आहे. पण हे बोलताना "आमचा गोठा घाणेरडा" असा अर्थ त्यांनी काढू नये.

सगळ्यात अवघड आत्याचं घर. ती सोवळं पाळते. माजघराच्या आत कुत्रा येणं तिला चालणार नाही, आणि या वयात तिने आमच्यासाठी नियम मोडावा असं मला अजिबात वाटत नाही. पण तिचा जीव मोठा आहे. मी बाहेर थांबले तर तीही बाहेर येऊन बसेल, आणि तो दिवस तिचा आहे. त्यात घर पाहुण्यांनी भरलेलं, लहान मुलं अंगणात, मे महिना म्हणून जिकडेतिकडे आंब्याच्या कोयी. कोय गिळली तर कुत्र्याच्या आतड्यात अडकून ऑपरेशनपर्यंत वेळ येते, हे प्रत्येक पोराला कसं सांगणार?

फोंड्याला नणंदेचा फ्लॅट आहे, भाचीला दमा. तिथे आम्ही घरात झोपणारच नाही, ते नणंदेलाही पटलं आहे.

कुणी अशा घरी कुत्र्यांसह गेलं असेल तर सांगा. कोणत्या शब्दांत सांगितलं? आधी फोनवर, की गेल्यावर?

घाटवाट: ताई, आधीच सांगा, आणि घरातल्या बाईशी बोला. मामांशी बोललात, पण अडचण मामींची आहे. त्यांना सरळ विचारा, "मामी, तुम्हाला भीती वाटते का?" त्यांनी हो म्हटलं की तुम्ही बाहेर झोपणं हा त्यांचा मान राखणं ठरतं. मग मामांना त्याच समजावतील. आणि जेवायला, चहाला आत जाच. दोघांपैकी एकाने गाडीपाशी थांबायचं, आळीपाळीने. पंगतीला बसलेला पाहुणा रात्री कुठे झोपला हे कोणी फारसं मनाला लावून घेत नाही.

लाल_माती: मी लांजा भागातलाच. बिबट्याचं कारण सांगा, गोठ्याचा विषयच काढू नका. गावातल्या प्रत्येकाने कुणाचा तरी कुत्रा गेलेला पाहिला आहे, कोणालाही राग येणार नाही. रात्री व्हॅनचं दार बंद ठेवा, खिडक्यांना जाळी असू द्या. गावातल्या मोकळ्या कुत्र्यांमध्ये तुमच्या गावठीला पट्ट्याशिवाय सोडू नका. आणि पुण्याहून येताना वाटेत शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लक्षात असू द्या. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मुख्यतः गुरांचे असतात, तेव्हा लॅबच्या गोळ्या जास्तीच्या आणि चिठ्ठीसकट ठेवा.

पडवी: माझ्या सासरी सोवळं होतं. आम्ही सासूबाईंनाच विचारायचो, "कुठपर्यंत चालेल?" त्यांनी पडवीची पायरी दाखवली आणि आम्ही ती कधी ओलांडली नाही. पुढे त्याच पायरीशी येऊन कुत्र्याला भाकरी घालायच्या. आत्याबाईंना हद्द त्यांनाच ठरवू द्या. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र कुत्रे तिथे नकोत. गर्दी, मुलं आणि गुरगुरणारा कुत्रा एकत्र आणू नये. त्या दिवसापुरती कुडाळ किंवा सावंतवाडीत कुत्रे चालतील अशी खोली फोनवर विचारून ठेवा, एकाने त्यांच्यापाशी राहायचं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. मामींना आजच फोन करते. घाटवाट, त्यांच्याशी आधी बोलायचं हे मला सुचलंच नव्हतं. पडवी, तुमचं पटलं, पण आत्याच्या कार्यक्रमाला आम्ही दोघंही तिच्याजवळ हवेत, औक्षणाला मी आणि तिला धरून बसवायला नवरा. कुडाळ परिसरात चार-पाच तास कुत्रे घरी सांभाळणारं विश्वासातलं कोणी माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. गावठीशी ओळख व्हावी म्हणून आम्ही आदल्या दिवशी भेटायला येऊ.